मुक्ताचा प्रश्न : इतिहासाच्या प्रकल्पासाठी एक धडा



‘भेदभावाविरुद्ध उभे राहिलेले मूल’ असा विषय शाळेच्या प्रकल्पाला मिळाला, की मुले बहुधा परदेशातील नाव शोधतात. अमेरिकेत १९६० साली सहा वर्षांची रूबी ब्रिजेस गोऱ्यांच्या शाळेत गेली, ती गोष्ट मोठीच आहे. पण तिच्या शंभर वर्षे आधी आपल्या महाराष्ट्रातही अशी एक मुलगी होऊन गेली. तिचे नाव मुक्ता साळवे.

मुक्ता मातंग समाजाची. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत ती शिकली. चौदा वर्षांची असताना तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या नियतकालिकात १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ च्या अंकांत छापून आला.

मुक्ता नुसते दुःख सांगत नाही, तर जाब विचारते. वेद फक्त ब्राह्मणांचे असतील तर आम्हाला धर्मपुस्तकच नाही. मग देवा, आमचा धर्म कोणता ते तूच सांग, असे ती म्हणते. आपल्या समाजातील बायांना घरावर छप्पर नसताना बाळंत व्हावे लागते, थंडीपावसात त्यांचे काय हाल होतात, तेही ती लिहिते. आणि आपल्या लोकांना विनवते, की ज्ञानाचे औषध घ्या.

पुढच्याच वर्षी, १८५६ साली, धारवाडच्या एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेशासाठी मुंबई सरकारकडे अर्ज केला. तो नाकारला गेला. मात्र केवळ सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व जातींना खुल्या राहतील, असे सरकारला १८५८ साली जाहीर करावे लागले.

प्रकल्प कसा करावा?

१. आधी मुक्ताचा निबंध स्वतः वाचावा. कठीण शब्द गुरुजींना किंवा बाईंना विचारावेत.

२. वहीत दोन रकाने करावेत. एकात मुक्ताने स्वतः लिहिलेले, दुसऱ्यात तिच्याविषयी इतरांनी सांगितलेले. निबंध मिशनऱ्यांच्या पत्रात छापला म्हणून ती ख्रिस्ती झाली, असे लिहू नये. निबंधात तसे काही नाही.

३. कळंब परिसरातील आपल्या आजीआजोबांना विचारावे : पाणी कुठे भरत होता? शाळेत कुठे बसवत होते? सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवावे. कोणी गप्प राहिले तर आग्रह करू नये. जुनी जखम असते.

पालकांनो, हा धडा फक्त मुलांचा नाही. श्रीमंताला मानाची जागा आणि गरिबाला पायाशी बसवणे हे पाप आहे, असे संत याकोब आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात बजावतो. जातिभेद चर्चमध्येही शिरला आहे, हे भारतीय कॅथॉलिक बिशप परिषदेने २०१६ साली दलितांविषयीच्या धोरणात मान्य केले. एकाच वेदीवरून ख्रिस्तशरीर घेणारे आपण सोयरीक जुळवताना, पंगतीला बसताना काय पाहतो? मुक्ताने देवाला विचारलेला प्रश्न आज आपल्या दारात उभा आहे.

प्रार्थना : हे प्रभू येशू, लहानांच्या तोंडून तू आम्हाला विचारतोस. ऐकण्याचे धैर्य आम्हाला दे. आमेन.