सामाईक दप्तराच्या किल्ल्या

मदत घेणाऱ्या कुटुंबांची वही पूर्वी आमच्या संस्थेच्या लोखंडी कपाटात असे व किल्ली चिटणीसांच्या कडोसरीला. पुढे कचेरीत सर्व्हर आला, वह्यांची फोल्डरे झाली, आणि एके दिवशी सभागृहाची नोंदणी पाहणाऱ्या तरुणाने सहज सांगितले, की ती यादी त्याच्याही संगणकावर उघडते. ज्यांनी भरवशाने नावे दिली त्यांना आता काय सांगावे, हे आम्हांस सुचेना.

चूक शोधू गेल्यावर जे कळले ते असे. विंडोज सर्व्हरवरील सामाईक फोल्डरला दारे दोन. पहिले 'शेअर'चे, ते नेटवर्कवरून येणाऱ्यालाच लागते. दुसरे एनटीएफएसचे, म्हणजे डिस्कवरील फोल्डरचे स्वतःचे. ते सर्व्हरपुढे बसलेल्यालाही चुकत नाही. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोहोंत जी मुभा कमी, तीच मिळते. पहिल्या दाराने लिहू दिले व दुसऱ्याने केवळ वाचू दिले, तर त्याला वाचताच येईल. आमची दोन्ही दारे 'एव्हरीवन' ह्या नावाने सताड उघडी होती. उघडणारे आम्हीच; सुरुवातीला एक फाइल उघडेना, तेव्हा तोच उपाय सोपा वाटला!

मग आम्ही हक्क माणसाला न देता कामाला दिले. 'मदत समिती', 'हिशेब', 'सभागृह' असे गट केले, फोल्डरांवर गटांचीच नावे घातली व माणसे गटांत बसविली. समिती बदलली की गटातले नाव बदलावे. फोल्डरला हात लावावा लागत नाही. 'डिनाय'ची खूण मात्र जपून करावी. माणूस दोन गटांत असला, तर सामान्यतः एका गटाचा नकार दुसऱ्याच्या परवानगीवर मात करतो. आमचे खजिनदार अशाने आठवडाभर आपल्याच हिशेबाबाहेर राहिले.

आणखी एक खोच आहे. कॉपी केलेली फाइल नव्या फोल्डरचे हक्क घेते. पण त्याच व्हॉल्यूमवर एका फोल्डरातून दुसऱ्यात हलविलेली फाइल आपले जुनेच हक्क घेऊन येते. यादी बंदिस्त फोल्डरात हलवून आम्ही निश्चिंत झालो होतो. तिचे हक्क पुन्हा तपासले, तेव्हा 'एव्हरीवन' तेथेही हजर!

हे सारे नीट झाल्यावर आम्ही त्या कुटुंबांकडे स्वतः जाऊन झाला प्रकार सांगितला. बहुतेकांनी समजून घेतले. एका बाईंनी आपले नाव संगणकावर नको म्हणून सांगितले. त्यांचे नाव आता पुन्हा कपाटातील वहीत आहे.