रानबदकांची वीण : पाण्याइतकेच काठावरचे गवतही महत्त्वाचे

पाणथळ जागा राखली की रानबदके आपोआप वाढतील, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. पिले पाण्यात वाढतात. परंतु अनेक जातींची अंडी जमिनीवरील गवतात उबवली जातात. म्हणूनच विणीचे यश भोवतालच्या जमिनीच्या वापरावरही अवलंबून असते.

प्रेअरी प्रदेशातील अनुभव

अमेरिका व कॅनडातील प्रेअरी प्रदेशात हिमनद्यांनी घडवलेली असंख्य लहान तळी आहेत. मॅलार्ड, तलवार बदक आदी जाती तेथे घरटी करतात. मॅलार्डची मादी रोज एक याप्रमाणे साधारण नऊ अंडी घालते व सुमारे चार आठवडे उबवते. त्यामुळे घरटे जवळपास ३५ दिवस सुरक्षित राहणे आवश्यक असते. गवताळ जमीन नांगरली गेल्यावर घरटी अरुंद पट्ट्यांत एकवटतात आणि खोकड, स्कंक, रकून यांना ती सहज सापडतात.

यशाचे मोजमाप

किमान एक अंडे फुटून पिलू बाहेर आले, तर घरटे यशस्वी मानतात. मात्र लवकर नष्ट झालेली घरटी निरीक्षकाच्या नजरेस पडतच नाहीत आणि यश फुगवून दिसते. हा दोष टाळण्यासाठी मेफिल्ड यांनी १९६१ मध्ये घरटे टिकण्याचे दैनिक प्रमाण काढण्याची पद्धत मांडली. दैनिक प्रमाण ९५ टक्के असल्यास ३५ दिवसांअखेर सुमारे १७ टक्के घरटी उरतात. ९७ टक्के असल्यास सुमारे ३४ टक्के. रोजच्या संरक्षणात झालेली दोन टक्क्यांची सुधारणा अंतिम यश दुप्पट करते. मॅलार्डची संख्या स्थिर राहण्यास सुमारे १५ टक्के यश लागते, असा अंदाज १९८५ मध्ये मांडण्यात आला.

शेतीपद्धतीचा वाटा

अमेरिकेत १९८५ च्या कायद्याने शेतकऱ्यांना मोबदला देऊन धूपप्रवण जमीन दीर्घकाळ गवताखाली ठेवण्याची योजना सुरू झाली. अशा सलग गवताळ क्षेत्रांत घरट्यांचे यश वाढल्याचे आढळले. कॅनडात शरद ऋतूत पेरलेल्या गव्हातही घरटी अधिक टिकतात, कारण विणीच्या काळात तेथे नांगरट होत नाही.

आपल्याकडे काय करता येईल?

भारतातील हळदी-कुंकू बदकही पाण्यालगतच्या गवतात जमिनीवर घरटे करते. प्रदेशानुसार त्याची वीण पावसाळ्यात किंवा त्यानंतर होते. यासाठी :

- तलावाच्या काठाचे गवत विणीच्या काळात कापू वा जाळू नये.
- अरुंद पट्ट्याऐवजी एका बाजूस रुंद, सलग गवत राखावे.
- कापणी अटळ असल्यास मध्यापासून बाहेरच्या दिशेने करावी, म्हणजे पक्ष्यांना निसटता येते.
- मोकाट कुत्री व गुरे काठापासून दूर ठेवावीत.
- घरटे आढळल्यास वारंवार जवळ जाऊ नये. अंडी हाताळू नयेत.

गवताचा हा पट्टा काठाची धूप रोखतो व गाळही अडवतो. त्यामुळे बदकांसाठी राखलेली जागा शेतकऱ्याच्याही उपयोगी पडते.