परसातील शिंजीर आणि त्याची खरी ओळख



कुपवाड, सांगली व मिरज या बाजूच्या पुष्कळ घरांतून असे सांगितले जाते की, "आमच्या जास्वंदीवर हमिंगबर्ड येतो." सांगणारा खोटे बोलत नसतो. त्याने एक इवलासा, चमकदार, लांब चोचीचा पक्षी फुलातील रस पिताना खरोखरच पाहिलेला असतो. मात्र जे पाहिले ते एक, आणि त्यास जे नाव दिले ते दुसरे, असे येथे झालेले आहे. नाव चुकले म्हणजे पुढची वागणूकही चुकते. म्हणून या पाठात आपण त्या पक्ष्याची ओळख नीट करून घेऊ.

प्रथम हमिंगबर्ड म्हणजे काय ते पाहू. यास आपल्या भाषेत गुंजनपक्षी असेही म्हणतात. त्याच्या साडेतीनशेहून अधिक जाती आहेत, आणि त्या सर्व अमेरिकेच्या दोन्ही खंडांत व त्यांलगतच्या बेटांवरच राहतात. क्युबा बेटावरील एका जातीचे वजन अवघे दोन ग्रॅमच्या आसपास असून ती जगातील सर्वांत लहान पक्षिजात होय. हे पक्षी हवेत एका जागी स्थिर राहून रस पितात व उलटे, म्हणजे मागेही उडू शकतात. प्राचीन काळी त्यांचे आप्त युरोपात होते. जर्मनीत सापडलेल्या सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वीच्या सांगाड्यांवरून २००४ साली ही गोष्ट विद्वानांनी प्रसिद्ध केली. परंतु आज भारतात रानटी गुंजनपक्षी एकही नाही.

मग आपल्या परसात येतो तो कोण? तो शिंजीर होय. यासच सूर्यपक्षी म्हणतात. शिंजिरांचे कूळ आशिया, आफ्रिका व ऑस्ट्रेलिया या बाजूचे. गुंजनपक्ष्यांशी त्याचे जवळचे नाते नाही. दोघांचे काम एकच, म्हणजे फुलाच्या तळाशी असलेला रस काढणे. एकाच कामासाठी लागणारे हत्यार दोन गावच्या लोहारांनी वेगवेगळे घडविले तरी ते सारखेच दिसते, त्याप्रमाणे दोघांच्या चोचीत व जिभेत सारखेपणा आलेला आहे.

आता ओळखीच्या खुणा सांगतो. सकाळच्या वेळी सूर्य पाठीशी घेऊन स्वस्थ उभे राहावे व पुढील गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट, बसणे. शिंजीर क्वचित क्षणभर हवेत फडफडतो, पण बहुधा तो देठावर किंवा फांदीवर बसूनच, वाकून रस पितो. त्याची चोच बारीक, लांब व खाली वळलेली असते.

दुसरी गोष्ट, रंग. जांभळ्या शिंजिराचा नर विणीच्या दिवसांत सावलीत काळा दिसतो, आणि ऊन पडताच निळा-जांभळा झळकतो. मादी वरून मातकट हिरवी व खालून पिवळट असते. वीण संपल्यावर नरही पुष्कळसा मादीसारखाच दिसू लागतो. मात्र त्याच्या गळ्यापासून पोटापर्यंत एक गडद पट्टा राहतो. ही तिसरीच जात आहे असे समजू नये. दुसरा शिंजीर याहून किंचित लहान. त्याच्या नराची पाठ तांबूस-तपकिरी, डोके हिरवे चकचकीत, पोट पिवळे व कंबर जांभळी असते. सह्याद्रीच्या रानात, कोयना व चांदोली या भागांत, लाल छातीचा आणखी एक सूर्यपक्षी आहे; तो घाटाचा रहिवासी.

तिसरी गोष्ट, सारखे दिसणारे इतर जीव. फुलटोच्या शिंजिराहूनही लहान व राखी रंगाचा असून त्याची चोच आखूड असते. त्यास बांडगुळाची फळे फार प्रिय. चष्मेवाला हिरवट-पिवळा असून त्याच्या डोळ्याभोवती पांढरे कडे असते. संध्याकाळी फुलासमोर अधांतरी थरथरत राहणारा जो जीव दिसतो तो तर पक्षीच नव्हे, पतंग होय. त्याच्या डोक्यावर दोन मिशा असतात, आणि चोच म्हणून जी दिसते ती गुंडाळता येणारी सोंड असते. हमिंगबर्ड म्हणून दाखविलेल्या चित्रांत पुष्कळदा हाच पतंग असतो.

कोणी विचारील की, नाव काही का असेना, त्याने काय बिघडते? बिघडते ते असे. गुंजनपक्षी समजून माणूस अमेरिकेची रीत उचलतो व रंगीत साखरपाण्याची बाटली टांगतो. ते पाणी आपल्या उन्हाळ्यात लवकर आंबते. उलट, त्याच जास्वंदीवर तो कीटकनाशक फवारतो. आता शिंजीर केवळ रसावर जगत नाही. तो कोळी व किडे खातो, आणि पिलांस तर तेच भरवितो. म्हणजे ज्या हाताने गोड पाणी दिले त्याच हाताने पिलांचे अन्न विषारी झाले.

त्याचे घरटेही ओळखले पाहिजे. गवत, साल व कोळिष्टके यांची ती एक लोंबती पिशवी असते. बाजूस दार व दारावर लहानसा छज्जा. कपड्याच्या तारेवर किंवा दारातील वेलीवर ती असली तर कचरा समजून ओढून काढतात. तिच्यात बहुधा दोन अंडी असतात. जांभळ्या शिंजिराची मादी एकटीच ती उबविते. भरविण्यास मात्र नरही येतो. घरटे मोडणे वा अंडी काढणे हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हेही मुलांस सांगावे.

कुपवाड पूर्वी गाव होते. १९९८ साली ते सांगली व मिरजेसह महानगरपालिकेत आले. कारखाने व घरे वाढली तशी पांगारा-शेवग्याची झाडे ठेवण्यास जागा उरत नाही. तरी एक जास्वंद, एक डाळिंब किंवा कोपऱ्यातील केळ एवढ्यावरही शिंजीर येतो. तेव्हा बाटली टांगण्यापेक्षा झाड लावावे, फवारणी टाळावी, व घरटे दिसल्यास पिले उडेपर्यंत कपड्यांची तार दुसरीकडे बांधावी.

शिक्षकांनी पुढील प्रश्न विचारावेत : १. गुंजनपक्षी कोठे राहतात? २. नर शिंजीर वर्षभर एकाच रंगाचा असतो काय? ३. पतंग व पक्षी यांतील भेद कोणत्या दोन खुणांनी सांगाल? ४. पिलांस कोणते अन्न लागते? उत्तरे पाठ करून घेण्याऐवजी मुलांस परसात नेऊन दाखवावीत. जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच सांगावे, व त्यास त्याच्याच नावाने हाक मारावी, ही सवय पक्ष्यांपुरतीच उपयोगाची नाही.