काचपेटी लावण्याआधी

सातारा

चि. ईश्वरीस,


कीटकभक्षी झाडांची काचपेटी करायची म्हणालीस, फार आनंद झाला. मात्र ‘मामा, कास पठारावरून एक गड्डा आणा’ हे तुझे मागणे मी पुरे करणार नाही. का ते आधी सांगतो, कारण पुढचे सगळे त्यातच आहे.

कासचा सडा म्हणजे जांभा दगड आणि त्यावर मातीचा पातळ थर. पावसाळाभर पाणी त्यावरून वाहते आणि नत्र धुऊन नेते. अशा उपाशी मातीत सीतेची आसवे आणि दवबिंदू ही झाडे टिकून राहिली, कारण जमिनीत नाही ते त्यांनी किड्यांकडून घेतले. लोकांना सीतेच्या आसवांचे जांभळे फूल तेवढे दिसते. सापळे खाली ओल्या मातीत असतात: बारीक बारीक पिशव्या, प्रत्येकीला दार, दारापाशी केस. केस हलला की सेकंदाच्या हजाराव्या भागात पिशवी पाण्यासकट जीव आत ओढून घेते. या झाडाला खरी मुळे नसतातच. गड्डा उपटला की पिशव्या तुटतात, आणि तुमच्या सोलापूरकडच्या कुंभारीच्या हवेत तो आठवडाभरही तग धरणार नाही. कास राखीव वन आहे, २०१२ पासून जागतिक वारशातही आहे. पण मनाई नसती तरी मी आणला नसता.

तेव्हा मुख्य गोष्ट ही, की या झाडांची गरिबी तुला सांभाळायची आहे. खत नाही, शेणखत नाही, कुंडीतली काळी माती तर नाहीच. ताईचा हात सढळ आहे, तिला आधीच बजावून ठेव. कोकोपीट घेतलेस तर त्यात मीठ असते. चांगल्या पाण्यात भिजवून, पिळून, असे पुन्हा पुन्हा धू. त्यात धुतलेली जाड वाळू किंवा परलाइट मिसळ. स्फॅग्नम शेवाळ मिळाले तर उत्तमच. मातीची कुंडी नको, तिच्यातून क्षार उतरतात, प्लास्टिकची घे.

पाण्यावर सगळे अवलंबून आहे. बोअरचे पाणी या झाडांना विष आहे आणि नळाचेही चालणार नाही. पाण्यातले क्षार मोजणारा टीडीएस मीटर विकत आण. आकडा पन्नासच्या आत हवा. घरच्या आरओचे पाणीही मोजल्याशिवाय घालू नकोस. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी चालते. सगळ्यांत चांगले पावसाचे. सोलापूरकडे पाऊस बेताचा, पण गच्चीवरून दोन-तीन चांगल्या सरींत प्लास्टिकचा ड्रम भरतो, आणि एका पेटीला तो कितीतरी दिवस पुरतो.

आता पेटी. तू झाकणाची बरणी म्हणत होतीस. बंद काचेची पेटी एकोणिसाव्या शतकात लंडनच्या डॉ. वॉर्ड यांनी रूढ केली, ती तिथल्या धुरकट, गार हवेसाठी. मे महिन्यात चाळिशी ओलांडणाऱ्या कुंभारीत झाकण लावून उन्हात ठेवलीस तर आतले झाड शिजेल. मासे ठेवायची जुनी टाकी घे, वरून उघडी. पूर्वेच्या खिडकीत सकाळचे ऊन मिळू दे, किंवा एलईडीखाली बारा तास ठेव. कुंड्या ताटलीत ठेवून ताटलीत बोटाच्या पेराएवढे पाणी कायम ठेव.

व्हीनस फ्लायट्रॅपचा मोह सोड. ते अमेरिकेतल्या कॅरोलायना राज्यांतले झाड. त्याला थंडीत खरी विश्रांती लागते आणि सोलापूरची थंडी तेवढी नसते. आणि तू बोट घालून सापळे मिटवत बसशील, हे मला ठाऊक आहे! प्रत्येक सापळा मोजक्याच वेळा मिटतो, मग काळा पडतो.

तू दवबिंदूपासून सुरुवात कर, त्यातही द्रोसेरा बर्मानी. रुपयाएवढे झाड, पानांच्या कडेला चिकट थेंबांचे केस. चिलट बसले की कडेचे केस काही सेकंदांत आत वळतात. डार्विन या कुळावर वर्षानुवर्षे प्रयोग करत राहिला आणि १८७५ साली त्यावर पुस्तक काढले. पुढे त्याच्या मुलाने, फ्रान्सिसने, न भरवलेली आणि भरवलेली झाडे शेजारी वाढवून दाखवले, की खाणाऱ्यांना बी जास्त धरते. तू तसाच प्रयोग कर. दोन कुंड्या, एकीवर बारीक जाळी. भरवायचे तर पानाहून लहान चिलट. पनीर, मटणाचा कण अजिबात नको, पान कुजते.

बी लागवडीतले घे, रानातून गोळा केलेले नको. ते धुळीसारखे बारीक असते. ओल्या कोकोपीटवर नुसते भुरभुरव, वर माती टाकू नकोस, त्याला उजेड लागतो. हे झाड साधारण वर्षभराचे, म्हणून फुलले की बी कागदावर धरून ठेव.

मृगाची पहिली सर वाहून जाऊ दे, तिच्यात गच्चीची धूळ असते. पुढच्या सरीला ड्रम लाव आणि टीडीएसचा आकडा मला कळव. मग बियांचे बघू.

तुझा,
मामा