आटलेल्या नद्या आणि समुद्र (गीता 2.70)



आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय 2, श्लोक 70.

स्थितप्रज्ञाची लक्षणं सांगताना भगवंत इथे समुद्राचा दाखला देतात. चहूबाजूंनी नद्या येऊन मिळत राहतात, तरी समुद्र आपली मर्यादा सोडत नाही. तसेच सगळे विषय ज्याच्यात येऊन विरून जातात, त्याला शांती लाभते. विषयांच्या मागे धावणाऱ्याला ती लाभत नाही.

श्लोक मला शाळेपासून पाठ आहे. पण थोडाफार कळला तो काल संध्याकाळी, चर्नी रोड स्टेशनपासून गिरगाव चौपाटीपर्यंत चालताना.

खरं सांगतो. गेल्या महिन्यात माझी नोकरी गेली. गावी घरच्यांना सांगितलं नव्हतं. बाबांचा फोन आला की "ऑफिसात आहे, नंतर बोलतो" म्हणायचो. काल चर्चगेटला एक मुलाखत झाली. "कळवतो" म्हणाले. परतताना लोकलमध्ये बाबांचा फोन वाजत राहिला, मी उचलला नाही. आणि चर्नी रोडला उगाचच उतरलो.

पश्चिमेला बाहेर पडलं की मरीन ड्राइव्हचा रस्ता आणि पलीकडे लगेच समुद्र. समुद्र डाव्या हाताला ठेवून चालत राहिलं की थोड्या वेळात पायाखाली वाळू येते. चालता चालता श्लोक आठवला आणि पहिली शंका आली. समुद्र कुठे शांत असतो? लाटा तर थांबतच नाहीत. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. पावसाळ्यात तर पाणी कठड्यावरून रस्त्यावर येतं!

पण श्लोकात समुद्राला अचल म्हटलंय, म्हणजे त्याची बैठक ढळत नाही. वर लाटा नाहीत असं कुठेच म्हटलेलं नाही. आणि नद्या यायच्या थांबतात असंही नाही. म्हणजे मनात इच्छा येणार, काळजी येणार. पोटापाण्यासाठी नोकरी शोधणं यात काही चूक नाही. प्रश्न एवढाच की त्या लोंढ्याबरोबर मी वाहून जातो का?

दुसरी गोष्ट ज्ञानेश्वर माउलींची. मूळ श्लोकात फक्त नद्या येऊन मिळण्याचं वर्णन आहे. ज्ञानेश्वरीत माउली त्याला दुसरी बाजू जोडतात : उन्हाळ्यात साऱ्या नद्या आटून गेल्या, तरी समुद्र तेवढ्याने उणा होत नाही.

काल मी वाळूवर बसलो आणि हेच मनात घोळत राहिलं. मे महिना. आमच्या गावच्या नदीत आत्ता नुसते दगड आहेत. आणि समोर समुद्र होता तसाच आहे. मला नोकरी गेल्याचं दुःख होतंच, पण त्याहून मोठं दुःख वेगळं होतं. पगार थांबला म्हणजे मीच कमी झालो, असं मी धरून चाललो होतो. म्हणून तर बाबांपासून लपवत होतो. आणि खोलात पाहिलं तर पहिला पगार आला तेव्हा मी असाच फुगलोही होतो. जो भरल्यावर फुगतो, तोच आटल्यावर खचतो. दोन्हीचं मूळ एकच.

चौपाटीवर लोकमान्य टिळकांचा पुतळा आहे. 1908 साली त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली, मंडालेच्या तुरुंगात ठेवलं. ते तिथे असतानाच 1912 मध्ये इकडे पत्नी सत्यभामाबाई गेल्या. किती नद्या आटल्या असतील! त्याच तुरुंगात त्यांनी 'गीतारहस्य' लिहिलं; 1915 साली ते प्रसिद्ध झालं. 1 ऑगस्ट 1920 ला टिळक गेले, तेव्हा अंत्यसंस्कार याच वाळूवर झाले. गीतेतली शांती म्हणजे हातपाय गाळून बसणं नव्हे, हे त्यांच्याकडे पाहून पटतं.

मी तिथूनच बाबांना फोन लावला. सगळं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "नोकरी गेली ना? तू तर आहेस की. जेवलास का?"

मला पुढे बोलता येईना.

आज काही सगळं सुटलेलं नाही. मुलाखतीचं उत्तर आलेलं नाही, महिनाअखेर खोलीचं भाडं द्यायचंय. लाटा आहेतच. पण रात्री झोप लागली, बऱ्याच दिवसांनी.

आजचा अभ्यास : ज्ञानेश्वरीच्या दुसऱ्या अध्यायातल्या या श्लोकावरच्या ओव्या सावकाश वाचा. मग वहीत दोन गोष्टी लिहा. या वर्षात माझ्याकडे काय आलं आणि काय गेलं? प्रत्येकापुढे स्वतःला विचारा, यामुळे मी खरंच वाढलो का, खरंच घटलो का? आणि एखादा फोन तुम्हीही टाळत असाल, तर तो आजच करा.

माउली सगळ्यांना बळ देवो.

जय हरी विठ्ठल!