घर, मोटार आणि राष्ट्रीय नियोजन

घरापाशी मोटारींसाठी किती जागा सोडावी, हा प्रश्न प्रथमदर्शनी गल्लीपुरताच वाटतो. परंतु त्याचे उत्तर पुष्कळदा राजधानीत ठरलेल्या एखाद्या आकड्यावर अवलंबून असते. ह्या दृष्टीने इंग्लंडचे उदाहरण उद्बोधक आहे.

१. धोरण गल्लीपर्यंत कसे पोहोचते?

१९४७ च्या नगर व ग्राम नियोजन अधिनियमापासून इंग्लंडमध्ये नव्या वसाहतीसाठी परवानगी घ्यावी लागते. ती सामान्यतः स्थानिक परिषद देते. परवानगी नाकारली गेल्यास अर्जदारास अपील करता येते आणि अपिलाचा निर्णय करणारा केंद्रीय निरीक्षक राष्ट्रीय धोरण विचारात घेतो. म्हणूनच हे धोरण स्वतः कायदा नसले, तरी परिषदांना त्याकडे दुर्लक्ष करता येत नाही.

२. एका आकड्याचा हिशेब

पूर्वी परिषदा दर घरामागे मोटारींसाठी ‘किमान’ इतकी जागा हवी, असा नियम करीत. मार्च २००० च्या गृहनिर्माणविषयक राष्ट्रीय मार्गदर्शिकेने हा क्रम उलटविला. दर हेक्टरी ३० ते ५० घरे बांधावीत आणि रस्त्याबाहेरील मोटारींच्या जागा सरासरीने दर घरामागे दीडपेक्षा अधिक नसाव्यात, असे तिचे सांगणे होते. जमिनीचा काटकसरीने उपयोग व्हावा व मोटारीवाचून प्रवास वाढावा, हा त्यामागील हेतू होय.

ह्या आकड्याचा अर्थ गणिताने पाहू. वळण्याच्या वाटेसह एका मोटारीस सुमारे २५ चौरस मीटर जागा लागते, असे धरू. एका हेक्टरात ४० घरे असल्यास दीडच्या प्रमाणाने ६० जागा, म्हणजे १,५०० चौरस मीटर जमीन लागेल. प्रमाण दोन केल्यास ८० जागांसाठी २,००० चौरस मीटर लागतील. अर्ध्याच्या ह्या फरकाने हेक्टरातील विसावा भाग घरे व अंगणे ह्यांच्याकडून मोटारींकडे जातो.

३. अपेक्षा आणि अनुभव

जागा कमी केली म्हणून मोटारी तितक्या कमी होतातच असे नाही. जेथे बस क्वचितच येते, तेथे कुटुंबे मोटार ठेवतातच. मग ती पदपथावर चढते आणि वृद्ध, अंध व चाकाच्या खुर्चीवरील माणसांची वाट अडते. २००६ च्या सुधारित धोरणातून दीडचा आकडा वगळण्यात आला. मार्च २०१२ च्या राष्ट्रीय चौकटीने परिषदांना सार्वजनिक वाहतूक व स्थानिक मोटारींची संख्या विचारात घेण्यास सांगितले. कमाल मर्यादा घालावयाची, तर तीस सबळ कारण असावे, असे २०१५ मध्ये ठरले.

तथापि सढळ हाताने जागा देण्याचेही मूल्य असते. तिचा खर्च घराच्या किमतीत मिळतो आणि ज्याच्यापाशी मोटार नाही, त्यासही तो द्यावा लागतो.

४. निष्कर्ष

आकडा जमीन वाटून देतो. गरज मात्र शाळा, कामाचे ठिकाण व बसथांबा किती दूर आहेत, ह्यावर ठरते. म्हणून राष्ट्रीय धोरणाने तत्त्व सांगावे, पण माप स्थानिक पाहणीनेच घ्यावे.

अशी पाहणी विद्यार्थ्यांनाही करता येईल. बहुतेक लोक घरी परतल्यानंतर, वडील माणसांसमवेत, आपल्या रस्त्यावरील घरे व उभ्या मोटारी मोजाव्यात. त्यांपैकी किती पदपथावर आहेत, हेही टिपावे. मग दर घरामागे किती मोटारी पडतात, हे काढून त्याशेजारी जवळच्या बसथांब्याचे अंतर लिहावे.