तणमोराची नोंद

पावसाळ्यात वाशीम जिल्ह्यातील माळांवर गवत वाढले म्हणजे तणमोराचा नर उड्या मारू लागतो. माळढोकाच्या कुळातील हा सर्वांत लहान पक्षी, जेमतेम कोंबडीएवढा. मान काळीभोर, कानामागे लांब पिसांचे तुरे. गवतातून तो एकाएकी माणसाच्या उंचीइतका उसळतो, पंख फडफडवितो आणि पुन्हा गवतात दिसेनासा होतो. मादीचे लक्ष वेधण्यासाठी एका दिवसात तो अशा शेकडो उड्या मारतो.

मादी मात्र उडी मारीत नाही. तिचा रंग वाळल्या गवतासारखा असल्यामुळे चार पावलांवर बसली तरी ती दिसत नाही. अंडीही ती जमिनीवरच घालते. त्यामुळे अभ्यासक उड्या मारणारे नर तेवढे मोजतात आणि त्यावरून एकूण संख्येचा अंदाज बांधतात. पावसाळा सरला की नराच्या उड्या थांबतात. मग तो शोधणे मादीइतकेच कठीण.

असे काम पुस्तके वाचून साधत नाही. त्यासाठी गवत वाचता यावे लागते, आणि ही विद्या फासेपारध्यांपाशी पिढ्यान्‌पिढ्या आहे. तित्तिर, लावे फाशात धरून ते पोट भरीत. पावलांच्या ठशांवरून पक्षी ओळखावा, त्याच्यासारखाच आवाज काढून त्याला जवळ बोलवावे, हे त्यांची मुले खेळता खेळता शिकत. परंतु १८७१ च्या एका कायद्याने इंग्रज सरकारने अनेक जमातींवर जन्मतः गुन्हेगार असा शिक्का मारण्यास आरंभ केला; पारधीही त्यातून सुटले नाहीत. १९५२ साली तो कायदा रद्द झाला, पण लोकांच्या मनातील संशय इतक्या लवकर कोठला जायला! पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला आळा घातला. ते योग्यच झाले. मात्र शिकारीवर जगणाऱ्यांनी काय करावे, हा प्रश्न उरलाच.

अकोला व वाशीम या जिल्ह्यांत 'संवेदना' या संस्थेने फासेपारध्यांना बरोबर घेऊन तणमोरांचा व माळांचा अभ्यास हाती घेतला. फासे कोठे लावावेत हे ज्या खुणांवरून वडीलधारी माणसे ठरवीत, त्याच खुणा आता पक्ष्यांच्या नोंदीसाठी उपयोगी पडू लागल्या.

या नोंदींची निकड मोठी आहे. भारतीय उपखंडाबाहेर तणमोर आढळत नाही, आणि २०२१ साली त्याची गणना जगातील अत्यंत संकटग्रस्त पक्ष्यांत झाली. माळ नांगरून पिकाखाली आणला, किंवा ऐन पावसाळ्यात त्यावर गुरे सोडली, तर मादीला अंडी घालण्यास आडोसा उरत नाही. सारेच माळ राखणे कोणत्याही गावाला शक्य नसते. गुरांनाही चारा हवाच. पण अमुक माळावर नर उडताना दिसला, एवढे कळले तर निदान तेवढ्या माळावरची चराई पावसाळा संपेपर्यंत थांबविता येते.